ओझं कुठं गेलं, काकू?

शोभाकाकू,

तुम्ही गेल्यापासून तुमच्या मोशीच्या घरी माणसांची रीघ लागली आहे. कुणी तुमच्या हातच्या भाकरीबद्दल बोलतं, कुणी तुम्ही नवऱ्यामागे एकटीनं लेकीला, सुजाताला, कसं शिकवलंत ते सांगतं. परभणीकडचे तुमचे भाऊ आले होते, ते तुमच्या लहानपणच्या हट्टीपणावर बोलत राहिले. मी कोपऱ्यात बसून ऐकत होते. सगळं खरं होतं. पण तुमच्या इंग्रजीबद्दल एकानंही तोंड उघडलं नाही. सातवी शिकलेल्या बाईनं पन्नाशीला टेकल्यावर इंग्रजीतली पाच-सहा क्रियापदं अशी काही सोडवून दाखवली, की बी.ए. इंग्लिश झालेली मी बघतच राहिले, हे त्यांना कुठून माहीत असणार? ते मला माहीत आहे, म्हणून मी लिहिते आहे.

तुमची माझी ओळख सारिकामुळे झाली. मी महाळुंग्याच्या आपल्या कंपनीत एचआरला नवीन लागले होते, तेही कंत्राटावर. तुम्ही वायर हार्नेसच्या लाइनवर सात वर्षं उभ्या होतात. सारिका तुमच्या शेजारच्या स्टेशनवर, बावीस-तेवीस वर्षांची. सरकत्या फळीवर गाडीच्या वायरी मांडायच्या, टेप गुंडाळायची, फळी पुढं सोडायची. एक बाई जागची हलली की सगळी लाइन अडते. म्हणून तुम्ही सगळ्याजणी सकाळी घरून निघतानाच पाणी प्यायच्या नाहीत. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. एचआरच्या केबिनमध्ये पाण्याची बाटली टेबलावरच असते.

सारिका एक दिवस फळीला धरून खाली बसली आणि तिला उठताच येईना. अंगात सणसणून ताप. दवाखान्यात सांगितलं, लघवी तुंबवून तुंबवून इन्फेक्शन मूत्रपिंडापर्यंत गेलं आहे. आठ दिवस ती दवाखान्यात होती. नवव्या दिवशी तुम्ही जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिलात. हातात वहीचं फाडलेलं पान.

"मॅडम, तुमचं इंग्रजी झालंय म्हणं. एवढं इंग्रजीत करून द्या. सुपरवायझरला तोंडानं चारदा सांगितलं, तो बघू म्हणायलाय. हे वर हेड ऑफिसला गेलं पाहिजे."

पानावर तुमच्या मोठ्या, गोल अक्षरात चार ओळी होत्या. आम्हाला बाथरूमला जाता येत नाही. आमच्या जागी थोडा वेळ कुणीतरी उभं राहावं. म्हणजे आम्ही जाऊन येऊ. एवढंच मागणं आहे. खाली एकोणीस सह्या.

मी त्याचं इंग्रजी केलं. छान, गुळगुळीत, अर्जात शोभेलसं. लाइनवर उभं राहताना आम्हाला जो त्रास होतो तो कृपया अलीव्हिएट करावा, असं त्यात होतं.

तीन आठवड्यांनी कंपनीनं लाइनवर काळ्या रबरी मॅट अंथरल्या आणि एक मोठा पंखा लावला. प्लँटचे साहेब स्वतः आले, तुमच्यासोबत फोटो काढला, टाळ्या झाल्या. मी बाजूला उभी होते. तुम्ही चप्पल काढून मॅटवर पाय दाबून बघितलात आणि म्हणालात, "मऊ हाय. पण हिच्यावरून मी जाऊ कुठं?"

दुसऱ्या दिवशी तुम्ही परत माझ्याकडे आलात. या वेळी हातात अर्जाची झेरॉक्स होती आणि बगलेत सुजाताची शाळेतली डिक्शनरी, पुठ्ठा सुटलेली, वर कापडाची पट्टी चिकटवलेली. तुम्ही खुर्ची ओढून बसलात. आधी कधी बसल्या नव्हतात.

"हा लांबडा शब्द वाचून दाखवा."

"अलीव्हिएट."

"हितं लिहिलंय, दुःख सौम्य करणे. बरं. आता हे बघा." तुम्ही खूण घातलेलं दुसरं पान उघडलंत. "रिलीव्ह. हितंही पहिला अर्थ तसलाच दिलाय. पण खाली बघा. एखाद्याच्या जागी कामावर येऊन त्याला मोकळे करणे. मॅडम, प्रेस शॉपमधल्या बाप्यांना रिलीव्हर असतो. रोज ओरडतात, रिलीव्हर आला का, रिलीव्हर आला का. तो ह्यातलाच की! आपण हे मागितलं होतं. तुम्ही ते लिहिलं. त्यांनी तेच दिलं, त्यांचं काय चुकलं?"

माझा चेहरा उतरलेला बघून तुम्हीच माझी समजूत घातलीत. "असू द्या. शब्दाला शब्द चिकटून असतात, हात चुकतो." मी मान हलवली. तुम्ही डिक्शनरी उचललीत आणि जाताना म्हणालात, "मला हे शिकवा. असले जितके शब्द हायत तितके."

माझं सासर मोशीचं, त्यामुळे आपली कंपनीची बस एकच. दुसऱ्या दिवसापासून तुम्ही माझ्यासाठी खिडकीची जागा धरून ठेवायला लागलात. मोशी ते महाळुंगे, ट्रॅफिक धरून पाऊण तास. मी रोज एक शब्द सांगायचा आणि तुम्ही त्याला एकच प्रश्न विचारायचा, "ओझं कुठं गेलं?"

हा प्रश्न मला कॉलेजात कुणी विचारला नव्हता. आमच्या पुस्तकात हे सगळे शब्द एका ओळीत समानार्थी म्हणून दिलेले होते आणि आम्ही ते तसेच पाठ केले होते. तुम्ही ती ओळ मान्यच केली नाहीत. मी लाइटन सांगितलं. तुम्ही निघोज्याचा फाटा येईपर्यंत तो पुटपुटत होतात, मग म्हणालात, "ह्यात डोक्यावरल्या पाटीतलं थोडं काढून खाली ठेवलं. पाटी डोक्यावरच हाय, पण कमी." अलीव्हिएटबद्दल म्हणालात, "ह्यात पाटी तेवढीच. पाटीखाली चुंबळ दिली." मिटिगेट मला स्वतःलाच नीट समजावता येईना. सेफ्टीच्या कागदांत तो असतो, धोका कमी करणे वगैरे, असं मी काहीतरी पुटपुटले. तुम्ही विचारलंत, "धोका म्हणजे आलेला का यायचा?" यायचा, म्हटलं. "मग ओझं अजून डोक्यावर आलंच न्हाई. येईल तेव्हा कमी लागावं म्हणून आधीच तजवीज. हेल्मेटवाला शब्द हाय हा."

बसमधल्या मागच्या सीटवरच्या बायकाही वाकून ऐकायला लागल्या होत्या. अले हा शब्द तुम्हाला आवडला नाही. तो भीती, शंका शमवण्यासाठी वापरतात म्हटल्यावर तुमचा चेहराच बदलला. "म्हणजे साहेब बघू म्हणतो, तो. भीती जाते, ओझं तिथंच."

आणि रिलीव्ह. त्यावर तुमचं मत पहिल्या दिवसापासून पक्कं होतं. "ह्यात ओझं दुसऱ्याच्या डोक्यावर जातं. दुसरं माणूस यावंच लागतं. माणूस आलं न्हाई तर हा शब्द खोटा."

इथं आपलं भांडण सुरू झालं ते शेवटपर्यंत मिटलं नाही. मी म्हणायची, काकू, तसं नाही, वेदना कमी होण्यालाही रिलीव्हच म्हणतात, गोळी घेतली की डोकेदुखी रिलीव्ह होते, तिथं कुठं दुसरं माणूस येतं? मी तुम्हाला मोबाइलवर तीन-तीन डिक्शनऱ्या काढून दाखवल्या. तुम्ही नीट वाचल्यात आणि मोबाइल परत दिलात. "लिहिणाऱ्यानं लिहिलंय. पण दुखणं कुणी घेतल्याबिगर जात न्हाई, पल्लवी." त्या दिवशी तुम्ही मला पहिल्यांदा नावानं हाक मारलीत.

मग तो ऑडिटचा दिवस.

परदेशातल्या ग्राहक कंपनीकडून एक बाई आल्या होत्या. उंच, पांढरे केस, पायात सेफ्टी शूज. साहेब त्यांना लाइन दाखवत होते, मी मागं फाइल धरून. तुमच्या स्टेशनपाशी त्या थांबल्या, मॅटकडे बघून त्यांनी मान डोलवली आणि तुम्हाला विचारलं, काही अडचण? साहेब भाषांतर करायला पुढं सरकले. तेवढ्यात तुम्हीच बोललात, इंग्रजीत.

"मॅट गुड, मॅडम. मॅट अलीव्हिएट. वुई वाँट रिलीव्ह."

बाईंना समजलं नाही. त्यांनी वाकून पुन्हा विचारलं. साहेब हसून काहीतरी सारवासारव करू लागले. आणि तुम्ही काय केलंत! त्या बाईंचा हात धरून त्यांना अलगद तुमच्या मॅटवर उभं केलंत, त्यांच्या हातात टेपचं रीळ दिलंत, समोरच्या फळीकडे बोट केलंत. "यू स्टँड हिअर. आय गो. आय कम." आणि तुम्ही चालू लागलात. सरळ, न धावता, बाथरूमकडे.

फळी सरकत आली. बाईंनी टेप लावायचा प्रयत्न केला, ती त्यांच्या बोटांना चिकटली. दुसरी फळी आली. सारिकानं आपलं काम टाकून त्यांना दाखवायला बघितलं तर तिचीही फळी राहिली. लाल दिवा लागला, भोंगा वाजला, लाइन थांबली. साहेबांचा चेहरा पांढराफटक. ती चार मिनिटं मी माझ्या आयुष्यात विसरणार नाही. त्या बाई हातात रीळ धरून तुम्ही गेलात त्या दिशेला बघत होत्या, आणि त्यांना हळूहळू सगळं कळत चाललं होतं, ते आम्हाला त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

तुम्ही ओले हात पदराला पुसत परत आलात. रीळ त्यांच्या हातून घेतलंत. "थँक्यू मॅडम. यू रिलीव्ह मी."

त्या बाईंनी साहेबांना एकच विचारलं, की या लाइनला रिलीव्हर किती आहेत. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी फाइलमध्ये बघितल्यासारखं केलं आणि म्हणाले, एकही नाही.

महिन्याभरात लाइनला दोन रिलीव्हर आल्या. बायकांनी टेबलावर पाण्याच्या बाटल्या ठेवल्या. सारिकानं तुमच्यासाठी घरून बेसनाचे लाडू आणले. आणि रिलीव्हर आल्या त्याच सकाळी तुमची बदली झाली. लाइन थांबवल्याबद्दल समज, आणि लाइनवरून उचलून शेडच्या टोकाला पॅकिंगमध्ये, जिथं रिलीव्हर नव्हत्या. तुम्ही ज्याच्यासाठी एवढं केलंत ते तुम्हाला एक दिवसही वापरायला मिळालं नाही. ते पत्र मी टाइप केलं. मीच तुमच्यासमोर सहीला ठेवलं. तुम्ही चष्मा लावून सगळं वाचलंत आणि म्हणालात, "स्पेलिंग बरोबर हायत ना सगळी? मग दे पेन."

तुम्ही पॅकिंगमध्ये तीन वर्षं काढलीत. बसमध्ये माझ्यासाठी खिडकी धरून ठेवणं एक दिवस चुकवलं नाहीत.

मग पोटदुखी, मग तपासण्या, मग ते निदान. डॉक्टरांनी सुजाताला बाहेर नेऊन सांगायचं ठरवलं तर तुम्ही म्हणालात, हितंच बोला. ते म्हणाले, आता बरं होणं अवघड आहे, पण आम्ही पेन रिलीफ देऊ. तुम्ही माझ्याकडे बघून हसलात. त्या अवस्थेतही हसलात! बाहेर आल्यावर म्हणालात, "रिलीफ म्हणायलेत. माझ्या जागी उभं कोण राहणार, त्यांना विचारायचं राहिलं."

मी दर रविवारी दुपारी यायची. औषधाचा अंमल असला की तुम्ही बोलायच्या, उतरला की भिंतीकडे तोंड करून पडायच्या. एका रविवारी मी आले तेव्हा सुजाता तुमचे पाय चेपत होती. डोळे खोल गेलेले, केस विंचरलेले नाहीत, नोकरीवर बिनपगारी रजा टाकून ती दोन महिने घरी होती. तुम्ही डोळे मिटूनच म्हणालात, "ईझ. आत्ता ईझ झालं. गाठ बसल्यासारखं होतं ना, ते सैल झालं." हा शब्द बसमध्ये आपला राहून गेला होता. तो तुम्ही स्वतःच कुठंतरी वाचून ठेवला होता, आणि त्याची खरी जागाही तुम्हीच शोधलीत.

मग तुम्ही डोळे उघडले आणि सुजाताकडे बघत राहिलात. "बघ पल्लवी, मी म्हणायचे का न्हाई? माझं थोडं तिकडं गेलंय. तिच्या तोंडावर दिसतंय." सुजाता रडायला लागली. तुम्ही तिचा हात बाजूला केलात. "जा, आत जाऊन झोप तीन तास. हिला बसू दे हितं. रिलीव्हरलाही रिलीव्हर लागती."

मी भांडण हरले, काकू. तीन डिक्शनऱ्या एका बाजूला आणि ती थकलेली पोरगी एका बाजूला. मला त्या क्षणी तुमच्यापुढे उभी राहील अशी कुठलीच पदवी आठवेना.

सुजाता झोपली. मी तुमच्या पायाशी बसले. दुपारची वेळ, बाहेर नव्या बिल्डिंगचं काम चाललेलं, तुम्ही जाग्या होतात. तेव्हाच सांगायला हवं होतं. मी सुरुवातही केली, "काकू, तो पहिला अर्ज..." तुम्ही म्हणालात, "कोणता गं?" आणि मी म्हटलं, काही नाही, सहज आठवला.

आता सांगते. तो हात चुकला नव्हता. माझ्या पहिल्या कच्च्या खर्ड्यात रिलीव्हर हाच शब्द होता. आम्हाला रिलीव्हर द्या, असं सरळ वाक्य मी लिहिलं होतं. मग मला वाटलं, हे साहेबांना झोंबेल, आणि त्याच महिन्यात माझं कंत्राट पुढं वाढायचं होतं. म्हणून मी तो शब्द खोडला आणि कुणालाच न टोचणारा एक मऊ शब्द बसवला. कुणी मला सांगितलं नव्हतं. मी आपणहून केलं. तुम्ही माझी समजूत काढलीत, शब्द शिकवा म्हणालात, त्यासाठी बदली भोगलीत, आणि मी मान हलवत राहिले.

पुढच्या रविवारच्या आधीच तुम्ही गेलात.

काकू, मला आश्चर्य या गोष्टीचं वाटतं, की माझ्या एका भ्याड शब्दातून तुम्ही एवढं मोठं काहीतरी काढलंत. मी सरळ शब्द लिहिला असता तर कदाचित तुम्ही ती डिक्शनरी उघडलीच नसती. पण हे म्हणून मी सुटत नाही, हेही मला कळतं.

परवा विहारात तुमच्यासाठी वंदना झाली. नंतर बोलायला लोक उठले. शेवटी मी उठले. ऑडिटचा दिवस सांगितला, बायका रडता रडता हसल्या. मग मी अर्जाचं सांगितलं. आत्ता वर लिहिलं तसंच, काही न झाकता. सुजाता खाली मान घालून बसली होती. सारिका उठली. ती आता सत्तावीस वर्षांची आहे, लाइनची लीडर आहे.

"तीन आठवडे आम्ही वाट बघितली आणि मॅट आल्या," ती म्हणाली. "माझं औषध तेव्हा चालू होतं. काकू मला म्हणायच्या, मॅडमचा हात चुकला, राग धरू नको. मी धरला नाही."

"आता धर," मी म्हटलं.

"धरणारच आहे. शनिवारी सुट्टी आहे ना तुम्हाला? माझ्या घरी या. पॅकिंगला अजून रिलीव्हर नाही, त्यांचा अर्ज करायचाय. या वेळी तुम्ही लिहिणार आणि मी शेजारी बसून बघणार."

मी जाऊन आले, काकू. तिच्या स्वयंपाकघरात खाली चटईवर बसलो होतो, पॅकिंगच्या चौघीजणी आणि आम्ही दोघी. सारिकानं एकेका क्रियापदावर बोट ठेवून अर्थ विचारला, तिला पटला तरच पुढं जाऊ दिलं. दोन वाक्यं तिनं मला खोडायला लावली. दुपारी दोनला सुरू केलेलं साडेपाचला संपलं. मग सह्या झाल्या. सगळ्यांच्या झाल्यावर मी पेन मागितलं. सारिका म्हणाली, "तुम्ही तर एचआरच्या. तुमची नोकरी?"

मी सही केली. नावापुढं हुद्दाही लिहिला, वाचता येईल असा.